फाईन म्हणजे नक्की काय हो?

प्रश्न : लेकाकडे न्यू जर्सीला तीन महिने राहून आले. एकदा शेजारणीकडे गेले, तिने कॉफी हवी का विचारलं, मी आपलं हसून 'आय ॲम फाईन' म्हटलं, म्हणजे हो, चालेल की, तर ती एकटीचाच मग भरून बसली! त्याच आठवड्यात लेकाला पार्किंगचा फाईन बसला. छान पण फाईन आणि दंड पण फाईन, हे कसं काय?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, कॉफी हुकली म्हणायची तुमची. काही हवंय का असं विचारल्यावर 'आय ॲम फाईन' म्हटलं की त्याचा अर्थ 'नको', आपण पंगतीत ताटावर हात आडवा धरून 'झालं माझं' म्हणतो ना, अगदी तसं. हवी असेल तर 'कॉफी वुड बी फाईन' म्हणायचं. फाईन कोण, मी का कॉफी, सगळी गोम तिथे आहे.

आता दंडाचं. दोन्ही फाईन मूळचे एकच, लॅटिनमधल्या 'फिनिस' या शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले, आणि फिनिस म्हणजे शेवट. भांडण नाहीतर दावा मिटवायला जे पैसे मोजायचे ते फाईन, पैसे दिले, विषय संपला. आणि जे पार शेवटाला नेलं, कसर म्हणून ठेवली नाही, ते पण फाईन, म्हणजे उत्तम. फिनिश, फायनल, एवढंच काय फायनान्ससुद्धा याच घरातलं, कारण तेही मुळात देणं चुकतं करणं.

उत्तमवरून मग शुद्ध, नाजूक, बारीक असे अर्थ फुटत गेले. सोन्याच्या बिस्किटावर ९९९.९ फाईन गोल्ड लिहितात ते शुद्ध या अर्थाने (आपल्या दागिन्यांवरचं ९१६ म्हणजे २२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं). विम्याच्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं ती फाईन प्रिंट, आणि ती वाचताना माझा तर चष्मासुद्धा हात टेकतो. क्रिकेटमधला फाईन लेगही यातलाच, लेग साईडला यष्टींच्या मागे, पिचची रेघ पुढे वाढवली तर तिच्यापासून थोड्याच अंतरावर उभा असतो तो, कोन बारीक म्हणून फाईन, आणि तोच जरा आडवा सरकला की स्क्वेअर.

लेकाने दंड भरला ना पण? तिकडे उशीर केला की बऱ्याच ठिकाणी रक्कम वाढते.