मामांचे वीस लाख आणि फंडाचे दोन कोटी

प्रश्न: ताई नमस्कार. मी आणि माझ्या मित्राने दूध संकलन केंद्रांसाठी ॲप बनवलंय, शेतकऱ्याने दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) आणि दर लगेच त्याच्या मोबाईलवर जातो. सध्या ४० केंद्रांवर चालू आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केलीय. महिन्यापूर्वी न्यू जर्सीच्या मामांनी कंपनीच्या खात्यावर २० लाख पाठवले, शेअर देऊ असं तोंडी ठरलंय, त्यातले ६ लाख मशिनवर खर्चही झाले. आता बंगळुरूच्या एका गुंतवणूक फंडाची टर्मशीट, म्हणजे अटींचा प्राथमिक कागद, आलीय, २ कोटी देऊन २० टक्के मागतायत. त्यात पार्टिसिपेटिंग लिक्विडेशन प्रेफरन्स असा शब्द आहे, आणि कंपनी सोडल्यावर ३ वर्षं असला धंदा करायचा नाही असंही लिहिलंय. मित्र म्हणतो सही करून टाकू, नंतर बघू. काय करावं? — एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर: ४० केंद्रं उभी केलीत, पहाटे पाचला काट्यापाशी उभं राहून, याबद्दल आधी मनापासून कौतुक. पण सही आज नको. आणि तुम्ही चिंता फंडाची करताय, मला काळजी मामांच्या पैशांची वाटतेय.

आपल्याकडे नात्यात कागद कशाला असं म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. कंपनी कायदा २०१३, कलम ४२. शेअरसाठी बाहेरून पैसे घ्यायचे तर आधी बोर्डाचा ठराव, मग सभासदांचा विशेष ठराव, रजिस्टर्ड व्हॅल्युअरचा, म्हणजे शेअरची किंमत ठरवणाऱ्याचा, रिपोर्ट, मामांच्या नावाने ऑफर लेटर, आणि मग पैसे, तेही वेगळ्या बँक खात्यात. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यायचे, दिल्यावर १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे शेअर दिल्याचा फॉर्म, भरायचा, आणि तो भरेपर्यंत त्या पैशाला हात लावायचा नाही. तुमचं सगळं उलटं झालंय, शिवाय ६ लाख खर्चही झालेत. ६० दिवसांत शेअर दिले नाहीत तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याज आणि वर ती रक्कम डिपॉझिट धरली जाते, ते प्रकरण आणखी वेगळं. कलम ४२ मोडल्याचा दंड जमा केलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी, यातलं जे कमी तिथपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २० लाखांपर्यंत. घाबरवायला सांगत नाहीये, तुमच्या हातात अजून महिना आहे म्हणून सांगतेय.

मला विचाराल तर बँकेशी बोलून पैसे आल्या वाटेने मामांना परत पाठवा आणि सगळं पहिल्यापासून नीट करा. खर्च झालेले ६ लाख तुम्ही दोघांनी डिरेक्टर म्हणून कंपनीला कर्जाऊ द्या, ते चालतं, फक्त हे पैसे दुसऱ्याकडून उसने आणलेले नाहीत असं लेखी द्यावं लागतं आणि ते खरं असावं लागतं, म्हणजे मेव्हण्याकडून घेऊन भरायचे नाहीत.

मग मामांना एकच प्रश्न विचारा: पैसे कधी अमेरिकेत परत न्यायचेत का? नाही म्हणाले तर परत न नेण्याच्या अटीवर, म्हणजे नॉन-रिपॅट्रिएशन बेसिसवर शेअर द्या, ती गुंतवणूक फेमाखाली, म्हणजे परकी चलनाच्या कायद्याखाली, देशी गुंतवणुकीसारखीच धरतात. हो म्हणाले तर तो परकी पैसा, शेअरचा भाव व्हॅल्युएशनपेक्षा कमी ठेवता येत नाही आणि शेअर दिल्यापासून ३० दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा फॉर्म भरावा लागतो. हे फोनवर नाही, मेलवर लिहून घ्या.

आता टर्मशीट. लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणजे कंपनी विकली की आधी पैसे कुणी उचलायचे याची अट. मागे एक मुलगा असाच कागद घेऊन माझ्याकडे आला होता, त्याच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही गणित मांडलं, तेच तुमच्या आकड्यांत मांडते. समजा उद्या कंपनी ३ कोटींना विकली गेली. साधा एकपट प्रेफरन्स असेल तर फंड आधी आपले २ कोटी उचलतो, उरलेला १ कोटी बाकीच्यांचा. पार्टिसिपेटिंग असेल तर २ कोटी उचलून उरलेल्या कोटीतले २० टक्केही घेतो, तुम्हाला राहिले ८० लाख. आणि दुप्पट लिहिलं असेल तर ४ कोटी आधी त्यांचे, म्हणजे तुमच्या हाती शून्य. बरं चांगल्या भावाला, १२ कोटींना विकली तरी बघा: साध्या अटीत फंड २ कोटींऐवजी २० टक्के वाटा घेईल, म्हणजे २ कोटी ४० लाख, पार्टिसिपेटिंगमध्ये पूर्ण ४ कोटी. त्या मुलाने आकडा बघून पेन खाली ठेवलं, बराच वेळ बोलला नाही. त्याने सही आधीच केली होती.

म्हणून २ कोटी आणि २० टक्के हे दोन आकडे बघून हुरळून जाऊ नका. एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग, म्हणजे वरची साधी अट, एवढं स्पष्ट मागा, ही काही अवाजवी मागणी नाही. टर्मशीट बहुतेक ठिकाणी बंधनकारक नसते हे खरं, पण दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही ही एक्सक्लुझिव्हिटीची अट सहसा बंधनकारक असते, त्यामुळे एकदा सही झाली की तेवढे दिवस तुमचे हात बांधलेले, आणि तिथून अटी बदलून घेणं फार अवघड जातं. नंतर बघू हे म्हणूनच चालत नाही.

३ वर्षं धंदा नाही, यावर कराराचा कायदा १८७२, कलम २७ तुमच्या बाजूने आहे, नुसती नोकरी किंवा पद सोडल्यावर पोट भरायची बंदी आपल्याकडे कोर्टात सहसा टिकत नाही. पण तुम्ही शेअर आणि त्याबरोबर धंद्याचं गुडविल, म्हणजे नाव आणि पत, विकून बाहेर पडलात तर वाजवी बंदी टिकू शकते, आणि कंपनीत असेपर्यंतची बंदी तर टिकतेच. ‘सोडल्यावर’ म्हणजे नेमकं काय, स्वतः गेलात की काढलं, आणि काढलं तर तुमचे शेअर कुठल्या भावाने परत घेणार, हे लिहून घ्या. मला तरी हाच मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो.

जे ठरेल ते कंपनीच्या आर्टिकल्समध्येही, म्हणजे तिच्या नियमावलीतही, घाला. शेअर विकण्यावरची बंधनं नुसत्या आपसातल्या करारात असतील आणि आर्टिकल्समध्ये नसतील तर ती कंपनीवर बंधनकारक नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये रंगराज खटल्यात सांगितलंय. आपल्याकडे धंदे घरचेच असतात, तो वादही एका कुटुंबाचाच होता.

तुम्ही विचारलं नाहीत पण फंडाचा वकील नक्की विचारेल: कोड कुणी लिहिला? बाहेरच्या कुणाला पैसे देऊन लिहून घेतला असेल आणि कागद नसेल तर कॉपीराईट सहसा लिहिणाऱ्याचाच राहतो, जीपेची पावती म्हणजे मालकी नाही. लेखी असाइनमेंट, म्हणजे हक्क कंपनीच्या नावे केल्याचा कागद, करून घ्या आणि त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका, मुदत नसेल तर ५ वर्षं आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत असं कायदा धरतो. फंडाचा चेक येणार हे कोड लिहिणाऱ्याला कळायच्या आत करा, कळल्यावर लोक वेगळं बोलायला लागतात.

प्रश्न: आमच्या सीएने एंजल टॅक्सची भीती घातलीय. तो अजून आहे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर: नाही. २०१२ मध्ये आला, वाजवी किमतीपेक्षा जास्त प्रीमियमने शेअर दिले की ती वरची रक्कम कंपनीचं उत्पन्न धरायचे, त्याने कित्येक चांगल्या पोरांची झोप उडवली. जुलै २०२४ च्या बजेटमध्ये सगळ्यांसाठीच काढून टाकला. पण तुमचे सीए अगदीच चुकीचे नाहीत, दोन गोष्टी उरतातच. आधीच्या वर्षांच्या नोटिसा आपोआप रद्द झालेल्या नाहीत, आली असेल तर मुदतीत उत्तर द्या. आणि पैसे देणाऱ्याने ते कुठून आणले हे आजही विचारतात, तेव्हा प्रत्येक गुंतवणूकदाराचं पॅन, रिटर्न आणि बँक स्टेटमेंट शेअर देतानाच फाईलला लावा, चार वर्षांनी मागायला गेलात तर तो फोन उचलेलच असं नाही.