गंजलेला सायलेन्सर बदलताना आधी स्टड सांभाळा

सडलेला सायलेन्सर काढणं अवघड नाही, तो वाचवायचा नसतो, सरळ करवतीने कापा. जपायचे असतात ते मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणारा भाग) पुढचा पाइप धरून ठेवणारे स्टड, म्हणजे डोकं नसलेले, आटे असलेले बोल्ट. तिथे एक तुटला की तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं.

आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. सॉकेट ६ कोनीच घ्या. १२ कोनी सॉकेट झिजलेल्या नटाचे कोपरे गोल करतो. पाव फेरा सोडा, जरा परत आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. करकर आवाज येतोय तोवर ठीक आहे. पण पाना रबर पिळल्यासारखा मऊ वळू लागला की लगेच थांबा, स्टड पिळला जातोय. मग तेल पुसून नट तापवा, पेट्रोलच्या नळीपासून लांब राहून. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच.

जोडताना गॅस्केट (जोडातून धूर गळू न देणारी चकती) नवं आणि नट पितळी घ्या, पुढच्या वेळी सहज सुटतील. पाइप टांगून धरणारे रबरी हँगरही बदला. सगळे जोड आधी सैल ठेवा, पाइप कुठेही बॉडीला टेकत नाही हे पाहा, मगच इंजिनाकडून मागे आवळत या. उलट क्रमाने आवळलंत तर ताण मॅनिफोल्डवर येतो आणि त्याचं जुनं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झालं की नट पुन्हा तपासा. टिकटिक आवाज किंवा जोडाभोवती काळी काजळी दिसली, तर तिथून धूर गळतोय.