ठिबकच्या कंट्रोलरचा ६० मिमी खोल पीपी (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक) डबा जळगाव एमआयडीसीत मोल्ड करतोय. सरळ भिंती कोअरला (साच्याचा डब्याच्या आतला भाग घडवणारा गाभा) अडकतात. ड्राफ्ट (भिंतीचा तिरकेपणा) किती ठेवू?

दर बाजूला १° द्या. ६० मिमीला भिंत साधारण १.०५ मिमी सरकते, म्हणजे तोंड तळापेक्षा २.१ मिमी रुंद होतं; झाकणाचं माप त्या हिशेबाने घ्या. पीपी थंड होताना आकसून कोअरला आवळतं, त्यामुळे आतल्या भिंतीचा ड्राफ्ट आधी. बाहेरही तेवढाच द्या, नाहीतर जाडी बदलते आणि सिंक मार्क (पृष्ठभागावर खळगे) येतात. भिंतीवर टेक्श्चर (खरबरीत नक्षी) असेल तर तिच्या दर ०.०२५ मिमी खोलीमागे आणखी १ ते १.५°, नाहीतर बाहेर पडताना ओरखडे हमखास. रिबला (मजबुतीच्या पातळ पट्टीला) ०.५° चालतो.

आणि कोअरला आरशासारखं पॉलिश करू नका (साचे बनवणाऱ्या टूलरूमवाल्यांना फार हौस असते!), पीपी तिथे व्हॅक्यूम धरतं. शेवटचं पॉलिश ओढीच्या (डबा साच्यातून निघतो त्या) दिशेने, आणि व्हॅक्यूम सुटायला डब्याच्या तळाशी एअर व्हॉल्व्ह.