बँकॉकला निघालेल्या पोरीस

सांगली

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. चार दिवस आणि चाळीस ठिकाणं! त्यातली बरीचशी ‘कुणालाच माहीत नाहीत’ म्हणून व्हिडिओत दाखवलेली, म्हणजे तिथं आता सकाळपासून रांग असणार. ती यादी बाजूला ठेव. तुला जे बघायचंय ते तिथल्या लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच असतं. होडीच्या धक्क्याजवळ, दवाखान्याच्या मागं, देवळाशेजारच्या बोळात. परक्या माणसाच्या ते हाती लागत नाही, कारण तो अवेळी जातो आणि थांबत नाही. म्हणून ठिकाणं निवडू नकोस, वस्त्या निवड. चार दिवसांत तीन वस्त्या पुष्कळ झाल्या. आणि प्रत्येक वस्तीत तिच्या वेळेला जा.

आधी घरी बसून करायचं काम. मॅपवर इंग्रजीत ‘बेस्ट फूड’ शोधलंस तर पर्यटकांनी वाखाणलेलीच दुकानं वर येतात. त्याऐवजी ट्रान्सलेटमध्ये ‘राइस अँड करी शॉप’ लिहून थाई भाषांतर घे आणि ती थाई अक्षरं जशीच्या तशी मॅपमध्ये टाक. यादी एकदम बदलते. मग प्रत्येक खानावळीचं तीनच गोष्टींवरून ठरव: अभिप्राय थाई लिपीतले किती आहेत, शेवटचा फोटो कधीचा आहे, आणि कुठल्या तरी फोटोत दरांची पाटी दिसतेय का. ताऱ्यांवर जाऊ नकोस. रोज जेवणारा माणूस आपल्या खानावळीला तारे देत बसत नाही. मॅपवरच्या वेळेवरही विसंबू नकोस. ताट-वाट्या आवरलेला दुपारचा फोटो सापडला तर तो जास्त खरा. शहराचा नकाशा आणि थाई भाषेची फाइल इथल्याच वायफायवर उतरवून घे. कॅमेऱ्यानं पाटी वाचणारं ॲप छापील अक्षर बरं वाचतं, हातानं लिहिलेलं हमखास चुकवतं. तिथं बोटानं दाखवून मागायचं, त्यात कमीपणा नाही.

निघण्याआधी एक दिवस मिरजेला जा. सतारमेकर गल्ली मॅप न उघडता, विचारत विचारत शोध. एखाद्या कारागिराकडं बस आणि विचार, भोपळा कुठून येतो, वाळायला किती दिवस लागतात, कापताना कशानं फुटतो. हा सराव आहे. ‘इथं बघण्यासारखं काय आहे?’ असं विचारलं की जगात कुठंही मोठ्या देवळाकडं बोट दाखवतात. ‘हे कोण बनवतं? तुम्ही दुपारी कुठं जेवता? चप्पल तुटली तर कुठं शिवून घेता?’ असं विचारलं की गल्लीचं नाव मिळतं. प्रश्न लहान आणि नेमका असला की अनोळखी माणूसही उत्तर द्यायला थांबतो. हेच तीन प्रश्न थाईमध्ये फोनवर मोठ्या अक्षरांत तयार ठेव.

आता वस्त्या.

पहिली पाक खलोंगचा फुलबाजार आणि नदीपलीकडची कुडी चीन. मेट्रोच्या सनाम चाय स्टेशनावर उतरलीस की फुलबाजार चालत आहे. हा बाजार रात्री भरतो आणि पहाटे त्याला खरा रंग असतो. दुपारी अकराला गेलेली माणसं ‘काही खास नाही’ म्हणतात, ती यामुळं. पहाटे जा आणि कमळाच्या कळ्या दुमडणाऱ्या बायकांजवळ उभी राहा. बाहेरची एकेक पाकळी आत मुडपत नेतात. जोर जास्त झाला की पाकळीवर तपकिरी रेघ उमटते आणि ती कळी देवाला चालत नाही. बघताना माल वाहणाऱ्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही, ढकलगाड्या थांबत नसतात.

तिथून होडीनं नदी ओलांड. १७६७ साली जुनी राजधानी अयुध्या पडल्यावर राजा ताकसिननं पोर्तुगीज वंशाच्या ख्रिस्ती लोकांना या काठावर जागा दिली. सांताक्रूझच्या चर्चची जागा आणि भोवतीची वस्ती तेव्हापासूनची, आजची इमारत नंतरची. चर्च, क्वान यिन देवीचं चिनी देऊळ आणि वात कल्याणमित हा मोठ्या बुद्धाचा विहार, तिन्ही नदीकाठच्या एकाच पायवाटेवर आहेत. बोळांत ‘खानोम फरांग’ नावाचा छोटा केक भाजणारी काही मोजकी घरं उरली आहेत. त्यात बदकाची अंडी, मैदा आणि साखर, एवढंच. सोडा नाही, लोणी नाही. अंडी-साखर फेसून जी हवा भरते तिच्यावरच तो फुगतो, म्हणून फेसणं कमी पडलं की दडस होतो. वर मनुका आणि कोहळ्याच्या पाकवलेल्या फोडी. निखारे खाली आणि वरही असतात. सकाळी जा म्हणजे भट्टी चालू सापडेल. तुला अंडं चालत नाही, तर तू बघ आणि सोबतच्या मैत्रिणीला खाऊ दे. ही लोकांची राहती घरं आहेत. आवाज हळू ठेव, उघड्या दारातून फोटो काढू नकोस.

दुसरी वस्ती मला सगळ्यांत मोलाची वाटते: बान बात. वात साकेत म्हणजे सोनेरी टेकडीचं देऊळ. त्याच्या दक्षिणेला, बामरुंग मुआंग रस्त्यालगतचा हा बोळ. इथं भिक्षूंची भिक्षापात्रं हातानं घडवतात. पोलादी पत्र्याचे आठ तुकडे: तोंडाची गोल पट्टी, तिच्यावर फुलीसारखा सांगाडा, आणि मधल्या जागा भरणारी पाकळीच्या आकाराची पानं. आठ हे अष्टांगिक मार्गाचे. सांधे तांबं वितळवून भरतात, मग आतून बाहेरून ठोकत गोलाई आणतात. खरं पात्र ओळखायचं तर आत हात फिरव आणि उजेडात धर, सांध्यांच्या रेघा दिसतात किंवा बोटाला लागतात. साच्यात दाबून काढलेल्या पात्राला सांधा नसतो आणि ते कितीतरी स्वस्त पडतं. त्या स्वस्त मालामुळंच हे काम करणारी घरं हाताच्या बोटांवर आली आहेत. म्हणून इथं घासाघीस करू नकोस. परवडत नसेल तर सगळ्यात लहान पात्र घे, किंवा काही न घेता नीट बघून, हात जोडून ये.

तिथून सेन सेप कालव्याच्या जवळच्या चालू धक्क्यावर ये आणि होडी धर. ती धक्क्याला जेमतेम टेकते. दोर पकडून एका दमात आत पाय टाकायचा. कडेला बसलीस तर प्लॅस्टिकचा पडदा वर ओढायची दोरी तुझ्या हाती असते. पाणी काळं आहे, उडालं तर डोळ्यांत जाऊ देऊ नकोस. वाहक होडीच्या कडेवरून चालत येऊन तिकीट फाडतो, सुटे तयार ठेव. हुआ चांग या धक्क्यावर उतरून बान ख्रुआ वस्तीत जा. ही कंबोडियाकडून आलेल्या चाम मुसलमानांची रेशीम विणणारी जुनी वस्ती, आता माग मोजकेच. जिम थॉम्पसन या अमेरिकन व्यापाऱ्यानं आपलं प्रसिद्ध रेशीम सुरुवातीला इथूनच विणून घेतलं, त्याचं घर कालव्याच्या समोरच्या काठावर आहे. पर्यटक ते घर बघून परततात, पूल ओलांडत नाहीत. मागाचा आवाज ऐकत शोध. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेला जाऊ नकोस.

तिसरी ता फ्रा चान आणि समोरची वांग लांग. अलीकडच्या काठावर ताईत-मुद्रांचा बाजार. डोळ्याला भिंग लावून बोटाएवढी मुद्रा निरखणारे लोक इथं भेटतील. पलीकडं सिरिराज, १८८८ सालचं रुग्णालय, आणि त्याला लागून वांग लांगचे बोळ. परिचारिका, विद्यार्थी, रुग्णांचे नातेवाईक इथं जेवतात, त्यामुळं अन्न ताजं आणि दर बेताचे. अकराला पोच. बाराला खुर्ची मिळत नाही, दोनला पातेली रिकामी. होडीवर नारिंगी झेंडा असलेली लोकांची, निळ्या झेंड्याची पर्यटकांची, नारिंगी धर. होडीत भिक्षूंची जागा राखीव असते. त्यांना चुकूनही स्पर्श होऊ देऊ नकोस, बाईमाणसानं तर नाहीच.

आता तुझ्या शाकाहारी जेवणाचं, कारण खरी अडचण तिथंच आहे. थाई रश्श्याच्या वाटणातच बहुधा खारवून आंबवलेल्या बारीक कोळंबीचा ‘कापी’ असतो, भाजी परतताना ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस घालतात, पपईच्या कोशिंबिरीतही वाळकी कोळंबी आणि माशाचा सॉस असतो. ‘नो मीट’ म्हटलंस तर मांसाचे तुकडे बाजूला काढतील, बाकी सगळं तसंच राहील. म्हणून ‘किन जे’ म्हण. पिवळ्या फलकावर लाल अक्षर, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखं दिसणारं, ही ‘जे’ची खूण. ती असेल तिथं मांस, मासे, अंडं, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. चव सपक लागली तर तिखट वरून घे. मात्र टेबलावरच्या चार भांड्यांतलं पातळ तपकिरी पाणी माशाचा सॉस असतो, ‘जे’ नसलेल्या दुकानात ते ओतून घेऊ नकोस. पाहुरात भागात गुरुद्वारा आहे. सकाळी लंगर असतो, डोकं झाकायला ओढणी ने. भोवताली कापडबाजार आहे, आपल्या गणपती पेठेत वाढलेल्या मुलीला तिथं हरवायला होणार नाही.

मैत्रिणीसाठी सांगते. खानावळीत आधी एक फेरी नुसती मार. पातेली झाकलेली आहेत का, भात वाफाळतोय का, गिऱ्हाईक उठून लगेच दुसरं बसतंय का, ते बघ. सकाळी रांधून ठेवलेला रस्सा दुपारी चारला घेऊ नये. बर्फ मध्ये भोक असलेला नळीसारखा असेल तर तो कारखान्यातला. लादी फोडून घातलेला टाळावा. बऱ्याच गाड्या सोमवारी लागत नाहीत, खाण्याचा बेत त्या दिवशी छपराखालच्या बाजारात ठेव.

पैशाचं थोडक्यात. २०, ५० आणि १०० बाटच्या नोटा लागतात. हजारची नोट गाडीवाल्यापुढं करू नकोस, ती आधी सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात मोडून घे. एटीएम दर वेळी दोनशेवर बाट कापतं, म्हणून थोडे थोडे काढत बसू नकोस.

आणि एक सावधगिरी. तू विचारलेला माणूस आणि आपणहून येऊन बोलणारा माणूस, दोघांत फार अंतर आहे. राजवाड्याजवळ कुणी गोड बोलून सांगेल, ‘आज बंद आहे, त्यापेक्षा मी एक गुप्त देऊळ दाखवतो, रिक्षा वीस बाट.’ ती रिक्षा हिऱ्या-माणकांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात थांबते. नुसती मान हलवून चालू लाग. मोठी बुद्धमूर्ती घेऊ नकोस. देशाबाहेर न्यायला तिथल्या ललितकला खात्याचा परवाना लागतो.

हीच रीत पुढं दुसऱ्या गावी चालते, नावं तेवढी बदलतात. इस्तंबूलमध्ये दुकानदार-कारागिरांसाठी दुपारी रांधणारी ‘एस्नाफ लोकांतासी’ शोधायची आणि होडीनं आशियाई काठावरच्या कादिकॉयला जायचं. सिंगापूरला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, रिकाम्या टेबलावर कागदी रुमालाचं पुडकं दिसलं तर ती जागा धरलेली आहे असं समजायचं आणि जेवून झाल्यावर ताट स्वतः नेऊन ठेवायचं.

जे दुकान आवडेल तिथं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा जा. पहिल्या दिवशी तू गिऱ्हाईक असतेस; दुसऱ्या दिवशी मालकीण ओळखीचं हसते, आणि मग शेजारच्या बोळात काय आहे ते ती आपणहून सांगते. त्यासाठी चौथा दिवस मोकळा ठेव, त्यात काहीही भरू नकोस.

तीन वस्त्या, प्रत्येकीची वेळ आणि जवळचा धक्का, एवढं एका कागदावर मांडून मला रविवारपर्यंत पाठव. वेळा कुठं आदळतात ते बघून कळवते.

तुझी,
मावशी