ड्राफ्टचा अहवाल: कॉलेजातलं काय टिकेल आणि काय गळेल?

प्रश्न: पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. करून मी सध्या अमेरिकेत त्याच विषयात एम.एस. करते आहे. शाळेपासून बास्केटबॉल खेळत आले. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) संघाच्या स्काउटिंग (खेळाडू पारखण्याच्या) किंवा ॲनालिटिक्स विभागात काम करायची इच्छा आहे. एका इंटर्नशिपसाठी चार पानी अहवाल मागितला आहे: कॉलेजमधल्या एका तरुण फॉरवर्डचं (गार्ड आणि सेंटर यांच्यामधल्या जागेवरचा खेळाडू) 'ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाला घ्यावा का' या दृष्टीने मूल्यमापन (ड्राफ्ट म्हणजे एनबीए संघांनी दरवर्षी क्रमाने केलेली नव्या खेळाडूंची निवड). मी ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग निवडला, कारण त्याचा पूर्ण सीझन आणि सगळे आकडे हाताशी आहेत. पहिला खर्डा सोबत जोडला आहे. आईबाबा म्हणतात, हा नाद सोड आणि बँकेत किंवा विमा कंपनीत नोकरी धर. अहवाल कसा सुधारू? आणि या क्षेत्रात खरंच जागा आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: खर्डा वाचला. भाषा स्वच्छ आहे, तक्ते नेटके आहेत. पण चारपैकी तीन पानं फ्लॅगने काय केलं हे सांगण्यात गेली: सामन्यामागे १९.२ गुण, ७.५ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), ४.२ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केली असे पास), ४२ गुणांचा तो नोट्र डेमविरुद्धचा सामना. अहवाल वाचणाऱ्या माणसाला हे सगळं पाठ असतं. त्याला एवढंच हवं असतं की यातलं एनबीएत काय टिकेल, काय गळून पडेल आणि तू असं का म्हणतेस.

सगळ्यात आधी वर तारीख टाक: २४ जून २०२५, म्हणजे ड्राफ्टच्या आदल्या दिवसाची. डॅलसच्या संघाने त्याला पहिला घेतला हे जगाला माहीत आहे. त्यानंतरची कुठलीही माहिती अहवालात शिरली, तर निकाल पाहून उत्तर लिहिल्यासारखं होतं आणि मुरलेला वाचक ते दुसऱ्या परिच्छेदात ओळखतो. तुझ्या खर्ड्यात दोन ठिकाणी ते झालंय. काढून टाक.

आता मैदानातला फरक. कॉलेजात तिनाची रेषा (जिच्याबाहेरून केलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात) २२ फूट पावणेदोन इंचांवर, एनबीएत वरच्या बाजूला २३ फूट ९ इंचांवर (कोपऱ्यात मात्र २२ फूटच). बास्केटखालचा रंगवलेला पट्टा कॉलेजात १२ फूट रुंद, एनबीएत १६. शॉट क्लॉक (शॉट घ्यायला मिळणारा वेळ) ३० सेकंदांऐवजी २४. आणि तुझ्या खर्ड्यात अजिबात न आलेली गोष्ट: एनबीएत बचावातला खेळाडू कुणालाही न धरता (म्हणजे समोरच्या कुणावर पहारा न ठेवता) पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही, कॉलेजात राहू शकतो. फ्लॅगच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. त्याच्या मागे खामन मालुआच हा ७ फूट २ इंचांचा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) उभा असायचा. मागे असा भक्कम आधार असला की फॉरवर्डला मदतीला धावायची, चेंडू हिसकवायची जोखीम घेता येते. त्याचे सामन्यामागे १.४ स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि १.४ ब्लॉक (अडवलेले शॉट) खरेच आहेत. पण मालुआच बाकावर असताना तो तितकाच धाडसी होता का, हे चित्रफितीवरून तपास. आक्रमणातही तेच. मालुआच, कॉन कनूपल आणि तो स्वतः, एकाच संघातले तिघे पहिल्या दहांत निवडले जाण्याच्या तोडीचे होते. प्रतिस्पर्ध्यांना सगळं बळ एकट्या फ्लॅगवर लावता आलं नाही. त्याला मिळालेल्या मोकळ्या जागेत या दोघांचा वाटा किती, यावर अर्धं पान दे.

मापं घेताना कॉलेजच्या पत्रकावर विसंबू नकोस. ड्यूक ६ फूट ९ इंच सांगतं. मे महिन्यात शिकागोच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या मोजमाप आणि चाचण्यांच्या शिबिरात) अनवाणी उंची भरली ६ फूट पावणेआठ इंच, हातांचा पसारा ७ फूट, हात वर करून उभी पोहोच ८ फूट साडेदहा इंच, वजन २२१ पौंड. फॉरवर्डसाठी यातली उभी पोहोच सर्वांत बोलकी. शॉट अडवायला आणि रिबाउंड काढायला हात लागतात, लांब मान असेल तर ती फक्त उंचीच्या आकड्यात दिसते. वयही तिथेच लिही. २१ डिसेंबर २००६ चा जन्म, म्हणजे सीझन सुरू झाला तेव्हा तो १७ वर्षांचा होता. बावीस वर्षांच्या सीनियरने (कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या खेळाडूने) काढलेले हेच आकडे आणि याचे आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत.

आता जिथे तुझं संख्याशास्त्र तोकडं पडलं तिथे येते. फ्लॅगचे तिनाचे शॉट १३५ पैकी ५२, म्हणजे ३८.५ टक्के. तू ९५ टक्के विश्वासाचा पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असावा तो अंदाज) काढून 'खरी क्षमता साधारण ३० ते ४७ टक्के' असं लिहिलंस. गणित बरोबर आहे, निष्कर्ष अपुरा आहे. २०११ चा डेरिक विल्यम्स घे. ॲरिझोनाचा फॉरवर्ड, ड्राफ्टमध्ये दुसरा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात तिनाचे ७४ पैकी ४२, तब्बल ५६.८ टक्के. तुझ्याच सूत्राने त्याचा पट्टा ४५ ते ६८ येतो. एनबीएतल्या सगळ्या कारकिर्दीत तो ३० टक्क्यांच्या आसपास राहिला. म्हणजे पट्ट्याच्या खालच्या टोकापासूनही कोसभर दूर.

याची कारणं तीन. एक, ७४ शितांवरून भाताची परीक्षा. दोन, आपण त्याच्याकडे वळलो तेच मुळी आकडा अफाट होता म्हणून. शेकडो खेळाडूंतून टोकाचा आकडा उचलला की त्यात नशिबाचा भाग जास्त असतो आणि साधं सूत्र ते धरत नाही. तीन, शॉटच बदलले: तेव्हा कॉलेजची रेषा २० फूट ९ इंचांवर होती, म्हणजे एनबीएपेक्षा पूर्ण तीन फूट जवळ, आणि त्याला मिळणारे शॉट बहुतेक मोकळे होते.

म्हणून आकडा सरासरीकडे ओढून घे. समजा, प्रत्येकाच्या खात्यात ३४ टक्क्यांनी मारलेले १५० काल्पनिक शॉट (५१ यशस्वी) टाकले. विल्यम्स येतो २२४ पैकी ९३, म्हणजे ४१.५ टक्के. फ्लॅग येतो २८५ पैकी १०३, म्हणजे ३६.१. हे १५० आणि ३४ मी उदाहरणापुरते धरले आहेत. तू ते मागच्या दहा-बारा ड्राफ्टमधल्या फॉरवर्डच्या कॉलेज आणि एनबीए आकड्यांवरून काढ आणि कसे काढलेस ते दोन ओळींत लिही. विल्यम्सचा अंदाज तरीही वर राहतो, हेही लपवू नकोस. उरलेली घट रेषेच्या अंतराची आणि शॉटच्या प्रकाराची आहे, ती चित्रफीत पाहूनच धरावी लागते.

फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) हा त्यातल्या त्यात विश्वासू साक्षीदार, कारण तिथे अंतर बदलत नाही आणि समोर कुणी नसतं. फ्लॅगचे ८४ टक्के. चांगली खूण आहे. पण एकट्या याच खुणेवर भिस्त ठेवू नकोस. त्याच २०११ च्या ड्राफ्टमध्ये सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड पंधरावा गेला. त्याचे फ्री थ्रो विल्यम्सच्याच पातळीचे, पाऊणशे टक्क्यांच्या आसपास, आणि तिनाचे शॉट तर ३० टक्क्यांच्याही खाली. तरी पुढे लेनर्ड तारा झाला आणि विल्यम्स मागे पडला, ते तुला माहीत आहे. फरक होता बचावात. ७ फूट ३ इंचांचा पसारा, पंजे अवाढव्य, आणि समोरचा गार्ड (चेंडू खेळवणारा चपळ खेळाडू) असो की फॉरवर्ड, लेनर्ड त्याला धरू शकत होता. विल्यम्स एनबीएतल्या चपळ फॉरवर्डपुढे जड पडायचा आणि धिप्पाड फॉरवर्डपुढे लहान. शिवाय लेनर्डला सॅन अँटोनियोच्या संघात चिप एंजेललँडसारखा शॉट दुरुस्त करणारा प्रशिक्षक मिळाला. कुठला संघ घेतो यावरही खेळाडू घडतो, म्हणून 'कोणत्या संघात बसेल' हा परिच्छेद शोभेचा नाही.

यावरून फॉरवर्डबद्दलचा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कुणाला धरेल? गुण कसे काढेल हे त्यानंतर.

चित्रफीत बघायची रीत बदल. यूट्यूबवरच्या निवडक क्षणांच्या फिती बंद. सहा ते आठ पूर्ण सामने घे आणि त्यात वाईट दिवस मुद्दाम घाल. केंटकीविरुद्धचा १२ नोव्हेंबर २०२४ चा सामना हवाच: २६ गुण, १२ रिबाउंड, पण शेवटच्या क्षणांत चेंडू दोनदा गमावला. ११ जानेवारी २०२५ चा नोट्र डेमचा सामना घे, पण ४२ आकड्यासाठी नको. त्यातले १६ गुण फ्री थ्रोचे आहेत (१७ पैकी). तो धक्का सोसून फाउल कसे मिळवतो ते पाहा, कारण ती सवय टिकते. आणि ५ एप्रिलचा ह्यूस्टनविरुद्धचा फायनल फोरचा (राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या उपांत्य फेरीचा) सामना, ६७-७०. ड्यूकने १४ गुणांची आघाडी घालवली आणि शेवटी फ्लॅगचा पट्ट्यातला मागे झुकून घेतलेला शॉट कमी पडला. शॉट चुकला याला फारसं महत्त्व नाही. त्याआधी ह्यूस्टनच्या वयाने मोठ्या, दणकट बचावपटूंनी त्याला कुठे ढकललं, पहिला ड्रिबल कुठल्या हाताने गेला, हव्या त्या जागी पोहोचता आलं का, हे नोंदव.

प्रत्येक सामना दोनदा बघ. एकदा फक्त बचाव, तेव्हा चेंडूकडे बघायचंच नाही, नजर त्याच्यावर. एक्सेलमध्ये रकाने कर: घड्याळ, शॉट क्लॉक, कुणाला धरलं, स्क्रीन (त्याच्या वाटेत उभं राहून घातलेला अडथळा) आली का, मदतीला गेला का, परत वेळेत पोहोचला का, निर्णय योग्य होता का, निकाल काय. शेवटचे दोन रकाने वेगळेच ठेव. चांगल्या निर्णयावर समोरच्याने नशिबाने बास्केट केली तर ती त्याची चूक नाही. नवखे स्काउट इथेच घसरतात आणि निकालाला गुण देत सुटतात. दुसऱ्यांदा आक्रमण बघताना त्याचे पास तपास. ४.२ असिस्टला २.१ टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) हे सगळा खेळ ज्याच्याभोवती फिरतो त्या अठरा वर्षांच्या फॉरवर्डसाठी फार चांगलं आहे. पण दुहेरी बचाव आल्यावर पास किती वेळात निघतो, हे आकड्यात दिसत नाही.

सामन्यामागचे आकडे बदलून शंभर पझेशनमागचे दे (पझेशन म्हणजे संघाकडे चेंडू आल्यापासून तो जाईपर्यंतचा एक डाव). तो सुमारे ३१ मिनिटं खेळायचा आणि ड्यूकचा वेग संथ होता. 'दुसरा अमुक' ही तुलना खोडून टाक. ताऱ्याशी तुलना केली की वाचकाला त्या ताऱ्याचं सगळं आठवतं, तुझ्या खेळाडूचं काहीच नाही.

दुखापतीबद्दल जाहीर आहे तेवढंच लिही. मार्चमध्ये एसीसी (ड्यूक ज्या कॉलेजगटात खेळतं त्या गटाच्या) स्पर्धेत घोटा मुरगळला, दोन सामने हुकले, पुढच्या आठवड्यात परतला. संघांकडे वैद्यकीय अहवाल असतात, तुझ्याकडे नाहीत. पण हा परिच्छेद गाळू नकोस. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडलेला अँथनी बेनेट मे महिन्यात खांद्याची शस्त्रक्रिया करून आला, समर लीग (नवख्यांची उन्हाळी स्पर्धा) हुकली, फिटनेस बिघडला आणि पहिल्या वर्षी सामन्यामागे ४.२ गुणांवर थांबला.

शेवटचा निर्णय एका आकड्यात नको. तीन ओळी लिही: सगळं बिनसलं तर तो काय असेल, बहुधा काय असेल, सगळं जुळलं तर काय. माझ्या मते फ्लॅगचा प्रश्न वरच्या टोकापाशी आहे. खालचं टोक मजबूत आहे: बचाव, पास आणि रिबाउंडच्या जोरावर चांगल्या संघात तीसेक मिनिटं. पण सेट (आधीच जागा धरून उभ्या असलेल्या) बचावाविरुद्ध एकट्याने शॉट निर्माण करणं, घट्ट दबावात चेंडू सांभाळणं, हे तेव्हा अर्धवट होतं. 'पहिला घ्यावा' असंच लिही, पण ही शंका पहिल्या पानावर असू दे.

आता आईबाबांच्या मुद्द्याकडे. त्यांची काळजी रास्त आहे. संघ तीस, सुरुवातीच्या जागा मोजक्या, पगार त्याच पदवीवर विमा कंपनीत मिळेल त्याहून बहुधा कमी आणि कामाचे तास विचित्र. त्यामुळे दोन्ही दारं उघडी ठेव. एसक्यूएल, पायथन आणि आर पक्कं असेल तर बँकेचं दार बंद होत नाही. आत्ता ताबडतोब करण्याजोगं काम म्हणजे तुझ्याच विद्यापीठाच्या संघाकडे जाणं. स्टुडंट मॅनेजर किंवा व्हिडिओ रूममधलं काम मिळतं का विचार, पुरुषांचा संघ असो की महिलांचा. तिथे सिनर्जीसारखं सामन्यांच्या चित्रफिती तपासायचं सॉफ्टवेअर रोज हाताळायला मिळतं. एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, त्यात हे बसतं.

व्हिसाचं गणित आईबाबांना बसून समजाव. संख्याशास्त्र स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित अशा विषयांच्या) यादीत असल्याने १२ महिन्यांच्या ओपीटीनंतर (शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीनंतर) २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते, पण नोकरी पगारी आणि कंपनी ई-व्हेरिफाय (कर्मचाऱ्याचा कामाचा हक्क तपासणारी सरकारी यंत्रणा) नोंदणीकृत असावी लागते. ओपीटीत बेरोजगारीचे ९० दिवसच चालतात. संघांमधली भरती बरीचशी ड्राफ्टनंतर उन्हाळ्यात हलते, म्हणून मेमध्ये पदवी घेऊन ओपीटीची तारीख लगेच सुरू केलीस तर हे दिवस वाट बघण्यातच संपतील. सुरुवातीची तारीख पदवीनंतर ६० दिवसांच्या आत निवडायची मुभा असते, ती विचारपूर्वक वापर. आणखी एक दार लोकांच्या लक्षात येत नाही: विद्यापीठांना एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेची सोडत लागत नाही. एखाद्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल विभागात ॲनालिटिक्सची पूर्णवेळ जागा मिळाली तर तो धोका टळतो. नियम बदलत राहतात, त्यामुळे कुठलाही होकार देण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी खात्री करून घे, विशेषतः बिनपगारी इंटर्नशिप असेल तर.

सुधारलेला खर्डा पाठवताना नोंदींची एक्सेल फाइलही सोबत जोड. अहवाल मागणारे बहुधा तीच आधी उघडतील.