पिक्चर डिस्क घ्यावी का? आवाज आणि संग्रहमूल्य याबद्दल सविस्तर

तुमची अडचण मला समजली ती अशी: आवडत्या अल्बमची साधी काळी रेकॉर्ड आणि मर्यादित आवृत्तीतली पिक्चर डिस्क, म्हणजे खाचांखाली चित्र असलेली रेकॉर्ड, दोन्ही समोर आहेत. पिक्चर डिस्क महाग आहे. काहीजण म्हणतात तिचा आवाज वाईट असतो, काहीजण म्हणतात पुढे किंमत वाढेल. मग घ्यायची कोणती?

ऐकण्यासाठी घेत असाल तर काळी घ्या. चित्रावर जीव जडला असेल तर पिक्चर डिस्क घ्या आणि ती बिनधास्त वाजवाही. किंमत वाढेल एवढ्याच आशेवर मात्र घेऊ नका. आता सविस्तर लिहितो, कारण ‘आवाज वाईट’ या दोन शब्दांत लोक फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात.

आधी ती बनते कशी ते बघू. साध्या रेकॉर्डसाठी पीव्हीसीचा तापलेला, मऊ गोळा दोन स्टॅम्परच्या, म्हणजे खाचांचे उलटे ठसे असलेल्या धातूच्या तबकड्यांच्या, मध्ये ठेवतात. प्रेस मिटला की तो गोळा मधून कडेकडे पसरत जातो आणि वाटेतली प्रत्येक खाच भरत जातो. मग गार करून कडा कापतात. पिक्चर डिस्क थरांची असते: मध्ये गाभ्याची तबकडी, तिच्या दोन्ही बाजूंना छापील कागद आणि त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. खाचा उमटतात त्या फक्त या पापुद्र्यात. तो आधीच तयार झालेला पत्रा असतो, त्यामुळे मऊ पडला तरी गोळ्यासारखा वाहत नाही. खाली कागद आणि शाई असल्यामुळे उष्णताही मनाला येईल तेवढी देता येत नाही. लाखेवर मोहर उठवताना लाख पुरती वितळलेली असेल तर रेघ न् रेघ उठते, कोमट असेल तर आकार कळतो पण कडा भुरभुरीत राहतात. इथे तेच होतं. खाचेची खोली मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढी असते. त्या मापात पृष्ठभाग जरासा खरबरीत राहिला तरी सुई तो वाचते आणि आपल्याला ऐकवते.

म्हणून पिक्चर डिस्कचा दोष बहुतेक वेळा संगीतात नसतो, तो संगीताच्या मागे असतो. एकसारखी सरसर, कधी तिच्या खाली मंद घरघर. धुळीची तडतड वेगळी: ती तुटक असते आणि रेकॉर्ड धुतली की कमी होते. सरसर धुऊन जात नाही, कारण ती प्लास्टिकमध्येच आहे. नवी कोरी पिक्चर डिस्क तीन-तीनदा धुऊन वैतागलेले लोक मी पाहिले आहेत, त्यांना एवढंच सांगणं आहे की धुण्यात तुमचं काही चुकत नाही.

ही सरसर त्रास देईल की नाही ते तुम्ही काय ऐकता यावर आहे. ड्रम, गिटार, सगळं भरगच्च वाजत असेल तर ती दबून जाते. दोन गाण्यांमधली शांतता, पियानोचा विरत जाणारा स्वर, एकट्या गळ्याचा आलाप, तंतुवाद्याची हळुवार सुरुवात, इथे ती उघडी पडते. म्हणून ‘मला तर काही फरक वाटला नाही’ म्हणणारा आणि ‘पाच मिनिटंही ऐकवत नाही’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात. त्यांचे अल्बम वेगळे असतात. हेडफोनवर ऐकणाऱ्याला ती स्पीकरवर ऐकणाऱ्यापेक्षा आधी जाणवते, हेही धरा.

वाद्यांचा पोत, गायकाचा आवाज, स्टिरिओची मांडणी हे सगळं कटिंगच्या, म्हणजे मूळ तबकडीत खाचा कोरण्याच्या, वेळी ठरतं, आणि अनेकदा काळ्या रेकॉर्डसाठी केलेलं कटिंगच पिक्चर डिस्कलाही वापरलेलं असतं. तसं असेल तर दोन्हींतला फरक पार्श्वभूमीच्या आवाजापुरताच. उलटही घडतं: पिक्चर डिस्कसाठी काळजीपूर्वक नवं मास्टरिंग (कटिंगआधीची आवाजाची शेवटची जुळणी) केलेलं असतं आणि बाजारातली काळी आवृत्ती मात्र घाईत काढलेली, चपट्या आवाजाची असते. अशा वेळी मी सरसर सोसून पिक्चर डिस्कच ऐकेन. शेवटच्या खाचेनंतरच्या रिकाम्या पट्टीत कोरलेले आकडे-अक्षरं दोन्ही प्रतींवर जुळतात का ते पाहिलं, तर कटिंग एकच आहे का याचा चांगला अंदाज येतो.

रंगीत व्हाइनिलला, म्हणजे रंगीत पीव्हीसीच्या रेकॉर्डला, पिक्चर डिस्कच्या रांगेत बसवू नका, हे इथेच सांगून टाकतो. रंगीत रेकॉर्डमध्ये रंग पीव्हीसीतच मिसळलेला असतो. ती एकसंध असते आणि काळीसारखीच दाबली जाते. तिच्या आवाजाबद्दलच्या तक्रारी त्या त्या कारखान्याच्या कामाच्या असतात, बांधणीच्या नसतात. तसंच, पिक्चर डिस्कने सुई खराब होते हा समज सोडून द्या. आणि ती हाताला जड लागते म्हणून तिचा आवाज भारदस्त असेल, असंही काही नाही.

आवाज सोडून आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली वाक. वेगवेगळे थर गार होताना सारखे आकसत नाहीत, त्यामुळे पिक्चर डिस्क वाकण्याची शक्यता जास्त. कागदात ओल राहिली तर फुगे येतात, म्हणून दाबण्याआधी कागद भट्टीत सुकवतात. ते नीट झालं नसेल तर चित्राखाली बारीक फोड दिसतात. दुसरी गोष्ट भोक मध्यावर आहे का. फिरताना चित्र डुलताना दिसलं की लोक घाबरतात, पण चित्राचा मध्य आणि खाचांचा मध्य या दोन निराळ्या बाबी आहेत. चित्राकडे बघूच नका, आर्मकडे, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याकडे बघा. आर्म प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे हेलकावत असेल तरच लांब स्वर डगमगतील. चित्र डुलतंय आणि आर्म स्थिर आहे, तर चिंता नाही.

प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याबद्दलही थोडं. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या १२ इंची रेकॉर्डवर बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढ्याशा जागेत तेच तीव्र स्वर बसवायचे, म्हणून शेवटाकडे ‘स’ आणि झांजा फाटतात. हे काळ्या रेकॉर्डलाही चुकलेलं नाही. पण पिक्चर डिस्कवर मागची सरसर आहेच, वर हे, त्यामुळे तिथलं शेवटचं गाणं सगळ्यात आधी कानाला खुपतं. तुमच्या अल्बममधलं लाडकं गाणं बाजूच्या शेवटी असेल तर याचा जरूर विचार करा.

‘चित्र असलं म्हणजे आवाज वाईटच’ हा काही निसर्गनियम नाही, हे इतिहासात डोकावलं की कळतं. १९३३ साली जिमी रॉजर्स या गायकाच्या मृत्यूनंतर व्हिक्टर कंपनीने त्याचं छायाचित्र असलेली रेकॉर्ड काढली होती, म्हणजे कल्पना तशी जुनीच. पण मला सगळ्यात आवडतं ते डेट्रॉइटच्या व्होग रेकॉर्ड्सचं काम. १९४६-४७ या अल्पशा काळात त्यांनी १० इंची, ७८ फेऱ्यांच्या चित्रमय रेकॉर्ड काढल्या. आत अॅल्युमिनियमचा गाभा, त्यावर रंगीत चित्रं, वरून व्हाइनिल. त्या काळातल्या सर्वसाधारण रेकॉर्ड शेलॅकच्या (लाखेच्या), भरपूर खनिज भुकटी घातलेल्या, खरखरणाऱ्या. त्यांच्या शेजारी व्होगची तबकडी शांत वाजायची! तेव्हा चित्रवालीच बरी वाजत होती. कंपनी टिकली नाही, पण त्या तबकड्या आजही संग्राहक प्रेमाने जपतात, आणि त्यांतल्या कित्येक अजून छान वाजतात.

बदनामी झाली ती पुढे. १९७० मध्ये कर्व्हड एअर या ब्रिटिश बँडचा ‘एअर कंडिशनिंग’ हा अल्बम पिक्चर डिस्क म्हणून आला. रॉकमधल्या अगदी सुरुवातीच्या पिक्चर डिस्कपैकी ही एक, दिसायला लक्षवेधी आणि ऐकायला निराशाजनक. ती ख्याती मग साऱ्या प्रकारालाच चिकटली. १९७८ मध्ये कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ आणि पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ पिक्चर डिस्कवर आणले. त्या सुमारास लाटच आली, आणि ऐंशीच्या दशकात तर तऱ्हेतऱ्हेच्या आकारांत कापलेल्या तबकड्या निघाल्या. हा माल दाखवण्यासाठी, प्रसिद्धीसाठी, चाहत्याने दुसरी प्रत घ्यावी म्हणून काढलेला होता. ऐकायची प्रत चाहत्याकडे आहेच असं गृहीत धरलेलं असे, मग आवाजावर मेहनत कोण घेणार? २००८ पासून रेकॉर्ड स्टोअर डे (रेकॉर्डच्या दुकानांचा वार्षिक दिवस) सुरू झाला आणि पिक्चर डिस्क पुन्हा जोरात निघू लागल्या. आताच्या काही खरोखर शांत वाजतात, काही १९७० ची आठवण करून देतात. रेकॉर्ड कंपनीच्या नावावरून ते ओळखता येत नाही, त्या विशिष्ट आवृत्तीबद्दल वाजवून लिहिलेले अभिप्रायच वाचावे लागतात.

आता किमतीकडे. इथे बहुतेकांचं गणित एका ठिकाणी फसतं. जुनी काळी रेकॉर्ड महाग होते कारण लोकांनी ती झिजेपर्यंत वाजवली, पार्ट्यांमध्ये हाताळली, फेकून दिली, आणि स्वच्छ प्रती थोड्याच उरल्या. पिक्चर डिस्क मात्र पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी सांभाळून ठेवली. कित्येकांनी उघडलीसुद्धा नाही. त्यामुळे चाळीस वर्षांनीही चांगल्या प्रती ढिगाने मिळतात. १९७८ चा तो ‘सार्जंट पेपर’ इतका प्रसिद्ध, पण शोधायला बसलात तर सहज मिळतो. नुसतं ‘मर्यादित आवृत्ती’ असं छापलेलं असेल आणि प्रतींचा आकडा कुठेच नसेल, तर त्या शब्दांना माझ्या लेखी किंमत नाही.

तरीही काही पिक्चर डिस्कना खरंच मागणी असते. प्रती मोजक्या आणि क्रमांकित असतील, फक्त रेडिओ केंद्रांना किंवा विक्रेत्यांना वाटलेल्या असतील, काही कारणाने मागे घेतलेल्या असतील, किंवा तिच्यावर असं गाणं अथवा गाण्याचं वेगळं मिक्सिंग असेल जे दुसरीकडे कुठेच निघालं नाही. मूळ जाड पुठ्ठा, आतला कागद, क्रमांकाचा स्टिकर शाबूत असेल तर भाव आणखी चढतो. आवाजाचा या भावाशी जवळजवळ संबंध नसतो, आणि मला ते खुपतं, पण बाजार तसा आहे.

नकली मालापासून जपा. पिक्चर डिस्कला वेगळं लेबल नसतं आणि चित्र स्कॅन करून छापणं सोपं, म्हणून मोठ्या नावांच्या बेकायदा प्रती भरपूर फिरतात. भिंगाखाली चित्र पाहा: छापील कव्हरवरून स्कॅन केलेलं असेल तर ठिपक्यांवर ठिपके चढून जाळीदार नक्षी दिसते, बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात. रिकाम्या पट्टीतली कोरलेली अक्षरं चित्रामुळे चटकन दिसत नाहीत, दिवा तिरका धरला की उठून येतात. ती डिस्कॉग्ज या रेकॉर्डची माहिती देणाऱ्या वेबसाइटवरच्या नोंदीशी ताडून पाहा. तिरका प्रकाश ओरखड्यांसाठीही लागतोच, कारण रंगीत चित्र ओरखडे फार छान लपवतं. विकणाऱ्याने ‘निअर मिंट’ (जवळजवळ नव्यासारखी) लिहिलं असेल तर नुसती बघून लिहिलं की वाजवून, हे स्पष्ट विचारा.

घेतलीत तर पहिलं काम म्हणजे सोबत आलेलं मऊ, चकचकीत पीव्हीसीचं पारदर्शक पाकीट बाजूला काढा. त्यातला प्लास्टिक मऊ ठेवणारा द्रव कालांतराने रेकॉर्डवर उतरतो आणि धुक्यासारखा थर बसतो, जो नीट निघत नाही. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनचं पाकीट वापरा, मूळ पाकीट हवं तर वेगळं ठेवा. रेकॉर्ड उभी ठेवा. भिंतीवर लावायची असेल तर ऊन अजिबात पोचणार नाही अशी जागा बघा, कारण रंगही उडतात आणि तबकडीही वाकते. धुताना भिजत ठेवू नका. कडेला कागद उघडा असेल तर पाणी आत शिरतं, आणि कापीव आकाराच्या तबकड्यांत हा धोका जास्त. अशा आकाराच्या तबकड्या ऑटोमॅटिक टर्नटेबलवर चढवू नका. खाचा बहुधा मधल्या ७ इंचांतच असतात आणि मशीन १२ इंचांच्या हिशोबाने सुई टाकेल ती थेट रिकाम्या जागेवर किंवा मॅटवर. सुई हाताने ठेवा. सुईचा दाब कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या भागाच्या, कंपनीने सांगितलेल्या मर्यादेतच असू द्या, वाढवून सरसर कमी होत नाही.

तुमच्या बाबतीत मी असं करेन: आधी दोन्ही आवृत्त्यांचं कटिंग एकच आहे का ते बघेन. एकच असेल आणि अल्बम शांत, मोकळ्या जागा असलेला असेल, तर काळीच घेईन. अल्बम दणदणीत असेल आणि ते चित्र रोज फिरताना बघावंसं वाटत असेल, तर पिक्चर डिस्क घेऊन महिनाभर मनसोक्त वाजवेन आणि सरसर फारच खुपली तर काळी प्रत नंतर शोधेन, ती सहसा कुठे पळून जात नाही. आणि त्या पिक्चर डिस्कवर दुसरीकडे न निघालेलं एखादं गाणं असेल, तर प्रश्नच मिटला: तीच घ्या, आणि पहिल्यांदा वाजवतानाच त्या गाण्याचं चांगलं डिजिटल रेकॉर्डिंग करून ठेवा.