पेंढा जाळू नका, पण चिखलणीतही गाडू नका: नवापूर-साक्रीच्या भातशेतकऱ्यांना उत्तर

नवापूर तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे: ‘मागच्या साली गोठ्यात उरलेला, भिजलेला पेंढा चिखलणीच्या वेळी, म्हणजे लावणीआधी पाण्यात चिखल करताना, खाचरात गाडला. लावणीनंतर पंधरा दिवसांत भात पिवळं पडलं. शेजारी म्हणतात, पेंढा जाळून मोकळा हो. यंदा धैंचा, म्हणजे मातीत गाडायचं हिरवळीचं पीक, पेरायचा आहे. पेंढ्याचं काय करू, आणि सुपर फॉस्फेट धैंच्याला घालू की भातासाठी राखून ठेवू?’ साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून एका ताईंचा प्रश्न जवळपास हाच आहे, फक्त त्यांच्या बोअरला मे महिन्यात पाणी नसतं.

भाऊ, चूक पेंढ्याची नव्हती, वेळेची होती. भाताच्या काडात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी थोडं, शंभर किलोमागे जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ते कुजवणाऱ्या जिवाणूंनाही नत्र लागतं. काडात ते मिळालं नाही की ते जमिनीतलं उचलतात. तुमच्या रोपांनी मुळं धरायच्या दिवसांतच हे जिवाणू ताटात हात घालून बसले होते. वरून साचलेलं पाणी. हवा न मिळता काड सडलं की आम्लं आणि वायू तयार होतात, मुळं काळी पडतात. पुन्हा असं झालं तर एक चूड उपटून नाकाजवळ धरा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर युरिया टाकायची घाई करू नका. आधी पाणी काढून दोन-तीन दिवस खाचर उघडं ठेवा. खालच्या पानांवर तांबूस, गंजासारखे ठिपके दिसत असतील तर मात्र जस्ताची कमतरता तपासायला हवी, ते दुखणं वेगळं.

जाळण्याचं म्हणाल तर पेंढ्यातलं नत्र आणि गंधक धुरात जातं. राखेत पालाश उरतं, पण वाऱ्या-पावसानं त्यातलं किती तुमच्या खाचरात राहील याचा भरवसा नाही. भाताच्या काडात पालाश आणि सिलिका भरपूर असते. कोकणातून आलेल्या चारसूत्री भातलागवडीत पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे, आणि त्यात हेक्टरी 2 टन पेंढा पहिल्या नांगरटीला गाडायला सांगितलं आहे. पहिल्या नांगरटीला, चिखलणीला नव्हे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आपल्याकडे पेंढा आधी गुरांचा. चांगला, पिवळाधमक पेंढा मातीत घाला असं मी सांगणार नाही, सांगितलं तरी घरची माणसं ऐकणार नाहीत. गव्हाणीतली उष्टावळ, पावसात भिजून काळा पडलेला पेंढा, खळ्यावरचं भुसकट आणि शेतात उभे राहिलेले धसकट, एवढं पुरे. कापणी झाली की जमिनीत ओल आहे तोवर, म्हणजे नोव्हेंबर उजाडायच्या सुमारास, हे पसरून नांगरटीत गाडा. टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक वापरा. जमीन कोरडी पडल्यावर गाडलेलं काड पुढच्या पावसापर्यंत जसंच्या तसं राहतं. खानदेशच्या उन्हात ते कुजत नाही, वाळतं.

आता सुपर. माझं उत्तर सरळ आहे: सगळं धैंच्याला द्या. भाताला एकरी 20 किलो स्फुरद लागतं, म्हणजे सुपरची अडीच पोती. तीच अडीच पोती धैंचा पेरताना मातीत मिसळा. धैंच्याच्या मुळांवरच्या गाठींना स्फुरद लागतं. गाठी भरल्या की हवेतलं नत्र जास्त बांधलं जातं, पाला वाढतो, आणि तो गाडल्यावर तेच स्फुरद भाताला मिळतं. एकाच पैशात दोन कामं. धैंच्याला युरिया मात्र नको. आयतं नत्र मिळालं की गाठी आळशी होतात. काड अजून अर्धकच्चं दिसत असेल तरच पेरणीला एकरी 8-10 किलो द्या.

बियाणं एकरी 20 किलो. धैंच्याच्या बियांचं कवच टणक असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी सावलीत सुकवा आणि 10 किलो बियांना 250 ग्रॅम रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करणारं जिवाणू खत, चोळा. हरभऱ्याचं उरलेलं पाकीट चालवू नका, धैंच्याचे जिवाणू वेगळे. साधारण 25-30 दिवसांनी एक झाड अलगद खणून काढा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी रंग असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर तो धैंचा मातीतलंच नत्र खातोय.

मेअखेर पेरलात तर जुलैच्या मध्यावर 45 दिवस भरतात. फुलं यायच्या आत गाडा. त्यापुढे खोड काथ्यासारखं होतं आणि रोटाव्हेटरला गुंडाळतं. गाडण्याआधी एक मीटर लांब-रुंद चौकोन कापून वजन करा आणि चार हजारांनी गुणा. सव्वा किलो भरलं तर एकरी 5 टन झाला. त्यात 20 किलोच्या आसपास नत्र असतं, युरियाच्या एका पोत्याइतकं. सगळं याच भाताला मिळत नाही, तरीही दोन पोत्यांच्या जागी सव्वा-दीड पोत्यात भागतं. लावणीच्या वेळचा हप्ता कमी करा, फुटव्यांच्या वेळचा पानाचा रंग बघून द्या.

ताई, मेमध्ये पाणी नाही म्हणून तुमच्याकडे हे गणित बसणार नाही. पहिल्या पावसावर धैंचा आणि रोपं एकदमच टाकली तर रोपं लावणीला येतील तेव्हा धैंचा गुडघ्याएवढा असेल. त्याच्यासाठी रोपं वयस्क करू नका. बांधावर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) खुंटं याच पावसाळ्यात लावा. झाडं हाताशी आली की चिखलणीआधी आठवडाभर एकरी 12 क्विंटल कोवळा पाला पसरायचा. ताग सुचवला असता, पण त्याला साचलेलं पाणी सोसत नाही.

काही जण पेरभातात, म्हणजे लावणी न करता थेट पेरलेल्या भातात, धैंचा मिसळून पेरतात आणि महिन्याभराने टू-फोर-डी हे तणनाशक फवारून तो मारतात. पद्धत खोटी नाही, पण आपल्याकडे बांधाला बांध लागून कपाशी असते. या औषधाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं भेंडीच्या पानासारखी बोटं काढतात. पंप धुऊनही अंश राहतो. माझ्यासमोर दोन सख्ख्या भावांचं बोलणं यावरून बंद झालं आहे. शेजारी कपाशी असेल तर धैंचा हाताने उपटून तिथेच चिखलात तुडवा.